आत्याचा भागाकार

आत्याने फ्लॉपी माझ्या हातात दिली तेव्हा तिचं लेबल पिवळं पडलं होतं, पण पेनाने लिहिलेलं ‘तारे’ हे नाव अजून नीट वाचता येत होतं. साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी. १९९३ ते १९९८ या काळात आत्याने रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांची जी निरीक्षणं केली ती सगळी तिच्यात होती, आणि ती दाखवणारा प्रोग्रामही तिच्यातच. प्रोग्राम आत्याने स्वतः लिहिलेला, टर्बो पास्कल ७.० मध्ये. ताऱ्याचं नाव, वेळ आणि डोळ्यांनी ठरवलेली प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, भरायची. प्रोग्राम त्यावरून ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली सलग दिवसांची मोजणी) काढून नोंद साठवायचा. एफ-३ दाबलं की त्या ताऱ्याचा प्रकाशवक्र, म्हणजे काळाबरोबर बदलणाऱ्या तेजाचा आलेख, पडद्यावर यायचा. मीरा, अलगोल, आर लिओनिस, काय सिग्नी. तिचे नेहमीचे तारे ठरलेले होते.

१९९८ मध्ये जुना संगणक हार्ड डिस्कसकट गेला. सोर्स कोड, म्हणजे तिने लिहिलेला मूळ प्रोग्राम, त्यावरच होता, तोही गेला. नव्या संगणकावर फ्लॉपीतली एक्झी, म्हणजे चालवायची तयार फाइल, चालवली तर एकच ओळ यायची: ‘रनटाइम एरर २००’. पुस्तकात अर्थ दिलेला, शून्याने भागाकार. आत्याने सूत्रांची वही काढली आणि जिथे जिथे भागाकार आहे तिथे तिथे छेद शून्य कधी होऊ शकेल ते तपासत कित्येक रात्री घालवल्या. काही सापडलं नाही. तेव्हापासून ती म्हणत आली की माझ्या प्रोग्राममध्ये कुठेतरी चूक राहिली होती. पुढच्या नोंदी वहीत गेल्या आणि फ्लॉपी कपाटात.

मी पहिलं काम केलं ते फ्लॉपीची इमेज, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल, घेण्याचं. मूळ फ्लॉपी पुन्हा पुन्हा ड्राइव्हमध्ये फिरवणं म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य खर्च करणं. एकदाच वाचायची, इमेज जपून ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजच्या प्रतीवर करायचे. वाचताना एका सेक्टरवर ड्राइव्ह बराच वेळ कुरकुरली, मग पुढे सरकली. इमेज पूर्ण झाली, पण त्या कुरकुरीने माझ्या मनात एक शंका बसली आणि पुढे तिने माझा एक अख्खा दिवस खाल्ला.

विंडोजवर एक्झी थेट चालवून पाहिली. हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही, असं उत्तर आलं. कंपॅटिबिलिटीच्या खिडकीतले पर्याय बदलून पाहण्यात अर्थ नव्हता. ३२-बिट विंडोज डॉस या जुन्या प्रणालीचे प्रोग्राम चालवू शकायची कारण प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअल ८०८६ नावाची सोय असते आणि एनटीव्हीडीएम हा भाग तिच्या आधारावर उभा होता. प्रोसेसर ६४-बिटच्या लाँग मोडमध्ये गेला की ही सोय मिळत नाही. त्यामुळे ६४-बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाहीच. एम्युलेटरला मात्र प्रोसेसरकडून अशा मेहेरबानीची गरज नसते. तो जुना प्रोसेसर, जुनं टायमर, जुनं ग्राफिक्स कार्ड हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो आणि प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच काळात आहोत.

डॉससाठीचा असा एक एम्युलेटर, डॉसबॉक्स, माझ्याकडे आधीपासून होता, ०.७४-३ ही आवृत्ती. एक साधा फोल्डर केला, त्यात फ्लॉपीतल्या फाइल टाकल्या आणि तोच फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट केला. (संगणकाची खरी सी ड्राइव्ह अख्खी माउंट करू नये. आतल्या प्रोग्रामने केलेली खोडाखोड खऱ्या फाइलवर होते.) प्रोग्रामचं नाव टाइप केलं, एंटर दाबलं.

रनटाइम एरर २००.

आत्याने इतक्या वर्षांपूर्वी पाहिलेली तीच ओळ माझ्या पडद्यावर होती. मी क्षणभर तिच्यासारखाच विचार केला: नोंदींच्या फाइलमध्ये काहीतरी असणार, एखादी रिकामी नोंद, एखादा शून्य. नोंदींची फाइल बाजूला काढली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. तीच ओळ. मग एक गोष्ट लक्षात आली. आत्याचा प्रोग्राम सुरू होताच पडदा पुसून वर निळी पट्टी काढतो, हे तिने मला सांगितलं होतं. इथे पडदा पुसलाच जात नव्हता. माझी आधीची कमांड वर तशीच होती आणि तिच्याखाली एरर. म्हणजे आत्याने लिहिलेल्या पहिल्या ओळीपर्यंतही आपण पोचत नव्हतो. चूक तिच्या कोणत्याही भागाकारात असती तर निदान निळी पट्टी तरी दिसली असती.

डॉसबॉक्सची सेटिंग फाइल उघडली. ती मी दुसऱ्या एका जड प्रोग्रामसाठी कधीतरी बदलून ठेवली होती आणि तिच्यात सायकल्स या नोंदीपुढे ‘मॅक्स’ होतं. सायकल्स म्हणजे एका मिलिसेकंदात एम्युलेटरने साधारण किती आज्ञा पार पाडायच्या याचा आकडा. मॅक्स म्हटलं की तो आजच्या प्रोसेसरकडून जेवढं मिळेल तेवढं ओरबाडतो. मी तिथे ३००० लिहिलं. डॉसबॉक्स स्वतःहून रिअल मोडच्या, म्हणजे साध्या जुन्या पद्धतीच्या, प्रोग्रामला देतो तो हाच आकडा, बऱ्यापैकी २८६ प्रोसेसरच्या काळातला वेग.

पडदा पुसला गेला. निळी पट्टी आली. ‘तारे’.

असं का झालं, ते सविस्तर सांगतो, कारण हा दोष आत्यासारख्या कितीतरी जणांनी स्वतःच्या माथी घेतला असणार.

टर्बो पास्कलमध्ये पडद्यावर रंग, कर्सर, कळा हे सगळं हाताळायला सीआरटी नावाचं युनिट, म्हणजे तयार कोडचा संच, असतं. त्यात डिले नावाची प्रोसीजर आहे, इतके मिलिसेकंद थांब असं सांगणारी. आता या संगणकावर एक मिलिसेकंद म्हणजे रिकाम्या लूपच्या किती फेऱ्या, हे युनिटला आधी माहीत असावं लागतं. म्हणून मुख्य प्रोग्राम सुरू होण्याच्याही आधी ते एक मोजमाप करतं. पीसीचं टायमर सेकंदाला सुमारे १८.२ वेळा टिकटिकतं, म्हणजे दर ५५ मिलिसेकंदांनी एकदा. युनिट एका टिकेची वाट पाहतं, ती आली की लूप फिरवायला लागतं आणि पुढची टिक येईपर्यंत फेऱ्या मोजतं. मग त्या फेऱ्यांना ५५ ने भागतं.

भागाकार करणारी ती आज्ञा १६-बिटची आहे. उत्तर जास्तीत जास्त ६५,५३५ इतकंच मावतं. म्हणजे ५५ मिलिसेकंदांत फेऱ्या ३६,०४,४२५ च्या वर थोड्या जरी गेल्या तरी उत्तर त्या डब्यात बसत नाही. आणि इथेच खरी गोम आहे. उत्तर मावत नसेल तर प्रोसेसर जो इंटरप्ट, म्हणजे काम थांबवणारा इशारा, देतो तो इंटरप्ट शून्य, आणि शून्याने भागलं तरीही तोच देतो. दोन वेगळ्या आजारांना एकच लक्षण. टर्बो पास्कलची रनटाइम ते लक्षण पाहून सरळ ‘डिव्हिजन बाय झीरो’ म्हणते. छेद इथे ५५ आहे, कायम ५५. तो शून्य कधी नव्हताच.

हे युनिट लिहिलं गेलं तेव्हाच्या संगणकांवर ही मर्यादा फार दूर होती. पेंटियमचा वेग २०० मेगाहर्ट्झच्या आसपास गेला आणि पुढे पेंटियम टू आले, तसे ठणठणीत चालणारे प्रोग्राम एकामागून एक याच ओळीवर पडायला लागले. डिले एकदाही वापरलं नसलं तरी सुटका नव्हती; सीआरटी युनिट घेतलं की मोजमाप होणारच. आत्याचा नवा संगणक नेमका १९९८ चा.

एक्झीमधल्या त्या आज्ञेवर ठिगळ लावणारे पॅच आहेत आणि खऱ्या संगणकावर तोच मार्ग होता. पण आत्याची ही एकुलती एक एक्झी होती, तिचा एक बाइटही बदलायचा नाही असं मी ठरवलं. एम्युलेटरमध्ये त्याची गरजही नाही, वेग कमी करता येतो. ३००० वर प्रकाशवक्र काढायला बराच वेळ लागत होता, म्हणून कंट्रोल-एफ-१२ ने वाढवत नेला आणि १२,००० वर थांबलो.

हे झाल्यावर मी लगेच तिला फोन करणार होतो. पण एफ-३ दाबून वक्र पाहावा म्हटलं, आणि पडद्यावर आलं: ‘बीजीआय एरर: ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड’. फोन खाली ठेवला.

ही अडचण सरळ होती. टर्बो पास्कलचे ग्राफिक्स प्रोग्राम चालताना बीजीआय नावाची ड्रायव्हर फाइल शोधतात. ती कुठे शोधायची तो पत्ता लिहिणाऱ्याने कोडमध्ये घातलेला असतो आणि सोर्स नसताना तो कळायचा कसा? एक्झी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात, उघडली आणि ‘बीजीआय’ ही तीन अक्षरं शोधली. सापडली: सी कोलन, मग टीपी, मग बीजीआय, मध्ये उलट्या तिरक्या रेषा. एकूण नऊ अक्षरं, आणि त्यांच्या अलीकडे ०९ हा बाइट. पास्कल शब्दाआधी त्याची लांबी लिहितं, त्यामुळे पत्ता इथून सुरू होऊन नेमका इथेच संपतो याची खात्री पटली. माउंट केलेल्या फोल्डरमध्ये टीपी, त्याच्या आत बीजीआय असे फोल्डर केले. ईजीएव्हीजीएची ड्रायव्हर फाइल फ्लॉपीवरच होती, ती तिथे ठेवली. पुन्हा एफ-३. पुन्हा तीच एरर.

इथे मी अर्धा तास फुकट घालवला. पत्ता बरोबर, फाइल बरोबर, नाव बरोबर. शेवटी डॉसबॉक्सच्या आत डीआयआर कमांड दिली तर टीपी फोल्डर दिसेचना. डॉसबॉक्स फोल्डरांची यादी एकदा वाचून लक्षात ठेवतं. चालू असताना बाहेरून टाकलेली फाइल त्याला आपोआप कळत नाही. कंट्रोल-एफ-४ दाबलं की ते यादी नव्याने वाचतं. दाबलं, आणि वक्र आला. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके, खाली ज्युलियन दिनांक, डावीकडे प्रत. मीरा ताऱ्याच्या लाटा ओळीने उभ्या होत्या, सुमारे ३३२ दिवसांचं अंतर राखून.

आता तो वाया गेलेला दिवस. फ्लॉपीवर दुसरा एक छोटा प्रोग्राम होता, नोंदींची छापील यादी तयार करणारा. तो आत्याचा नव्हे, तिच्याबरोबर निरीक्षण करणाऱ्या कुणीतरी दिलेला. चालवला तर संदेश आला: ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’. माझ्या कानात ती ड्राइव्हची कुरकुर घुमली. फाइल खराब झालीय, त्या सेक्टरवर हीच फाइल असणार, असं मी धरूनच चाललो. दुसरी ड्राइव्ह मिळवली, फ्लॉपी पुन्हा वाचली, दोन्ही इमेजचे चेकसम (फाइलमधल्या बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहिले. तंतोतंत सारखे. तरी माझा विश्वास बसेना, तिसऱ्यांदा वाचली. तेच.

फाइल चांगली होती. खोटं बोलत होता तो संदेश. त्या काळी डिस्कवरची जागा वाचवायला एक्झीपॅक पद्धतीने प्रोग्राम दाबून ठेवत, आणि सुरू होताना तो स्वतःला उलगडायचा. उलगडणाऱ्या त्या तुकड्यात एक खोट आहे: प्रोग्राम मेमरीच्या पहिल्या ६४ केबीच्या आत चढवला गेला तर त्याचा पत्त्यांचा हिशेब चुकतो आणि तो फाइलच खराब म्हणून सांगतो. जुन्या संगणकावर डॉस स्वतः आणि त्याचे ड्रायव्हर मिळून खालची ती जागा व्यापून असायचे, त्यामुळे खोट उघडी पडत नसे. डॉसबॉक्सचं डॉस खालच्या मेमरीत फारच थोडी जागा घेतं. म्हणजे मेमरी जास्त मोकळी आहे, म्हणून प्रोग्राम पडतोय! उपाय एका शब्दाचा आहे: प्रोग्रामच्या नावाआधी लोडफिक्स लिहायचं. ते ६४ केबी अडवून ठेवतं, प्रोग्राम वर सरकतो आणि चालतो. चालला.

दोन्ही वेळा पडद्यावरचं वाक्य साफ वेगळ्याच दिशेला बोट दाखवत होतं. त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली: एरर काय म्हणते ते वाचायचं, पण ती कोणत्या क्षणी आली, तिच्या आधी पडद्यावर काय झालं आणि काय झालं नाही, ते आधी कागदावर लिहायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

छपाईचं फार काही सांगण्यासारखं नाही. साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटर पोर्ट नाही. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल पोर्टचं आउटपुट फाइलमध्ये वळवता येतं, तसं केलं आणि यादी मिळाली.

माझा जीव खरा अडकला होता तो नोंदींत. प्रोग्राम एम्युलेटरमध्ये चालतोय ते ठीक, पण ती निरीक्षणं आजच्या साधनांनी वाचता यायला हवीत. फाइल ५१,८४२ बाइटची. मजकूर म्हणून उघडली तर ताऱ्यांची नावं तेवढी दिसत, मधली वेळ आणि प्रत अगम्य. हेक्स एडिटरमध्ये नावं मोजत गेलो, तर एक नाव सुरू झाल्यापासून पुढचं सुरू होईपर्यंत बरोबर ४६ बाइट. ५१,८४२ भागिले ४६ म्हणजे ११२७, बाकी शून्य. नावाला १३ बाइट, शेवटी शेऱ्याला २१. मध्ये उरले बारा. दोन आकडे, प्रत्येकी सहा बाइट.

सहा बाइटचा अपूर्णांक आजच्या कोणत्याही नेहमीच्या भाषेत सापडत नाही. टर्बो पास्कलचा जुना रिअल हा प्रकार मात्र तसाच आहे: पहिला बाइट घातांकाचा, त्यात १२९ मिळवलेले, पुढचे पाच बाइट अपूर्णांकाचे, उलट्या क्रमाने, आणि सर्वांत वरचा बिट चिन्हाचा. हे पुस्तकी ज्ञान बरोबर बसतंय का, ते तपासायला जिवंत प्रोग्राम हाताशी होता. फाइलची प्रत करून मी तिच्यात एक खोटी नोंद भरली: १ जानेवारी १९९३, जागतिक वेळ शून्य तास, प्रत ५.०. मग फाइलचं शेपूट पाहिलं, बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात लिहिलेले.

९६ ०० ०० ७२ ७९ १५. आणि तिच्या मागे ८३ ०० ०० ०० ०० २०.

पहिला आकडा सोडवला: २४४८९८८.५. त्या क्षणाचा ज्युलियन दिनांक हाच. दुसरा सोडवला: ५. मग वरच्या सगळ्या नोंदींवरून नजर फिरवली तर प्रत्येकीत वेळेचा पहिला बाइट ९६ आणि सहावा १५. साडेपाच वर्षांच्या त्या सगळ्या रात्री एकाच चौकटीत बसल्या होत्या, फक्त मधले बाइट पुढे पुढे सरकत होते. माझ्या अंगावर काटा आला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

उतरवून घेताना एक काळजी घ्यावी लागली. पास्कलमध्ये नवा शेरा जुन्याहून लहान असेल तर जुन्याची शेपटी मेमरीत तशीच राहते आणि नोंदीबरोबर फाइलमध्ये जाते. एका शेऱ्याची लांबी ४ होती, शब्द होता इंग्रजी चार अक्षरांचा ‘हेझ’, धुरकट आकाश. त्याच्या मागे आदल्या कुठल्यातरी शेऱ्यातली ‘लाइट’ एवढी अक्षरं शिल्लक, म्हणजे मूळ शब्द ‘मूनलाइट’. चांदण्यामुळे प्रत ठरवणं अवघड गेलेल्या कुठल्यातरी रात्रीची. लांबीचा बाइट न पाहता अख्खे वीस बाइट उचलले असते तर हे दोन्ही शेरे एकमेकांत मिसळले असते. मी लांबी पाळली, आणि ११२७ च्या ११२७ नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरल्या.

मग आत्याकडे लॅपटॉप घेऊन गेलो. प्रकाशवक्र आधी दाखवायचा असं ठरवून गेलो होतो, पण तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच: “अरे, शून्य कुठे होता?”

मी तिला कागदावर मांडून दाखवलं. टिक, फेऱ्या, ५५, ६५,५३५. तिने मध्येच थांबवलं. “थांब. छेद पंचावन्न आहे ना? मग शून्य आलाच कुठून?”

“नाहीच आला, आत्या. उत्तर मोठं झालं, मावलं नाही. संगणक तुझ्या कोडपर्यंत पोचलाच नव्हता.”

“मला दाखव.”

सायकल्स मॅक्स केल्या, प्रोग्राम चालवला. एरर २००. सायकल्स १२,००० केल्या, निळी पट्टी. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि तेच पुन्हा केलं, स्वतःच्या हाताने. एरर. पट्टी. तिसऱ्यांदा केलं. बराच वेळ ती पट्टीकडे पाहत राहिली. मग चष्मा काढून म्हणाली, “म्हणजे माझे भागाकार बरोबर होते.”

“सगळे.”

एफ-३ मी दाबायच्या आत तिनेच दाबलं. बोटाला जागा आठवत होती. मीराचा वक्र उमटत गेला. तिने दोन ठिपक्यांवर बोट ठेवून सांगितलं की हे जरा वर लागलेत, त्या दिवसांत मी शेजारचा तारा चुकीचा धरत होते, नंतर कळलं. मी विचारलं, दुरुस्त करायचे का. “नाही. तेव्हा जे दिसलं ते तसंच राहू दे. शेऱ्यात लिही.”

१९९८ नंतरच्या वह्या तिने त्याच संध्याकाळी खाली काढल्या. प्रोग्राम वर्षाचे दोनच आकडे घेतो आणि पुढे १९ लावतो. २००१ ची नोंद भरली तर ती १९०१ ची होईल, बरोबर ३६,५२५ दिवस मागे. तेवढे दिवस मी उतरवून घेताना मिळवीन, असं आमचं ठरलं आहे. १९९८ आणि १९९९ ला तोही प्रश्न नाही. पहिल्या वहीचं पहिलं पान तिने उघडलं, माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, “तू वाच, मी भरते.”